खालून कापलेल्या चार ओळी

मास्तर, तुम्ही गेल्याची बातमी मी छापली आणि तुम्ही गेल्याचं मला कळलं नाही.

आमच्या धंद्यात पहिल्या वाक्यात सगळं यावं लागतं. कोण, कुठे, कधी, कसं. वरच्या वाक्यात त्यातलं काहीच नाही. ते मी तीनदा खोडून पाहिलं. याहून अचूक वाक्य सापडलं नाही.

बातमी सोमवारच्या अंकात होती. पान तीन, एक कॉलम, खाली डाव्या कोपऱ्यात. मथळा: ‘बसस्थानकात भिकाऱ्याचा मृत्यू’. त्याखाली मजकूर असा, की पिंपळगाव बसवंतच्या गाड्या लागतात त्या फलाटाजवळ रविवारी दुपारी एक वृद्ध कोसळला, रुग्णालयात नेईपर्यंत त्याचा मृत्यू झाला होता, ओळख पटलेली नाही. संपलं. मथळा मी दिला. मजकूर मी कापला. या शहरात तुम्हाला ओळखणारी जी थोडी माणसं होती, त्यांच्यात मी मोडत होतो.

ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुम्हाला ते माहीत आहे, पण ऐकून घ्या. आणि चूक असेल तिथे नेहमीसारखं हुं करा.

दर बुधवारी गंगेवर बाजार भरतो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या बाजारात भाजीच्या रांगेच्या टोकाला, दिंडोरीकडून येणाऱ्या हिराबाईंच्या गोणपाटाशेजारी, तुमची जागा होती. एक सतरंजी. तिच्यावर तुम्ही, मांडी घालून नव्हे, पाय पसरून. समोर लाकडी पाट, आणि पाटावर दीड हात उंचीची म्हातारी बाहुली: पांगाऱ्याच्या लाकडाचं डोकं, पितळी तारेची नथ, हिरवं नऊवारी, लाल मखमलीची चोळी. तिच्या कमरेतून निघालेला दोरा पाटाच्या भोकातून येऊन तुमच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेला. हातात क्लॅरिनेट. पायानं ठेका धरला की ती नाचायची. अंगठा बाहेर वळवला की ती पाठ फिरवायची. तिचं नाव आत्या. तिला दुसरं नाव नव्हतं.

तुम्ही नांदगावकडच्या एका बँडमध्ये वीसेक वर्षं क्लॅरिनेट वाजवलं होतं. वरातीत डीजेच्या गाड्या आल्या आणि बँड मोडला. मालकानं ढोल विकले, ट्रंपेट विकले, गणवेश ज्याचा त्याला देऊन टाकला. तुमच्या लाल कोटाची डावी बाही कोपरापासून कापून तुम्ही आत्याची चोळी शिवली. म्हणून तो कोट तुम्ही एरवी घालायचा नाही. घातलाच तर डावा हात मागे धरायचा.

आत्या बोलायची ती क्लॅरिनेटमधून. हे लिहून दाखवणं अवघड आहे. हिराबाई सकाळी गोणपाट झटकता झटकता म्हणायच्या, “काय गं आत्या, आज उशीर?” तुम्ही दोन सूर चढवून एक झटकन खाली सोडायचा. तो सूर ऐकून अर्ध्या रांगेला कळायचं की टोमणा आलाय, फक्त शब्द कळायचे नाहीत. मग तुम्ही क्लॅरिनेट खाली घेऊन, चेहऱ्यावरची रेघ न हलवता अर्थ सांगायचा.

“म्हणते, मी येळेवर हाय. तुझी मेथी कालची हाय.”

“कालची? माझी मेथी? भवाने, ये इकडं, नथच ओढते तुझी!”

सगळी रांग हसायची. हिराबाईंची मेथी त्या दिवशी लवकर संपायची. हे तुम्ही मुद्दाम करता की आपोआप होतं, हे मी कधी विचारलं नाही. मी पुष्कळ गोष्टी विचारल्या नाहीत.

एकदा एक गृहस्थ कोथिंबिरीच्या एका जुडीवर बराच वेळ घासाघीस करत होते. त्यांचं प्रत्येक वाक्य संपलं की तेच वाक्य, त्याच हेलात, सुरांमधून परत यायचं. चौथ्या वाक्याला त्यांना ते कळलं. ते आत्याकडे वळून म्हणाले, “तू मधे बोलू नको हां.” मग स्वतःच हसले आणि तीन जुड्या घेऊन गेले. एकदा एक कॉलेजची मुलगी समोर मोबाईल धरून म्हणाली, “काका, जरा इकडे बघून वाजवा ना, चेहऱ्यावर लाईट येत नाहीये.” आत्यानं पाठ फिरवली. “म्हणते, मोबाईल खाली ठेवला तर तुजे दोन डोळे मोकळे व्हतील.” मुलगी रागावेल असं मला वाटलं होतं. ती सतरंजीच्या कडेला बसली आणि तिनं गाणं अखेरपर्यंत ऐकलं. पुलावरून डीजेची गाडी जायची तेव्हा तुम्ही थांबायचा, क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची जिभली काढून रुमालानं पुसायचा. मी एकदा म्हटलं, हरलात. तुम्ही म्हणालात, “त्याला दम लागत नाय, बातमीदार. आपल्याला लागतो. ज्याला दम लागतो त्यानं थांबायचं.”

तुमचा एकच नियम होता. या लेखात जे काही झालं ते त्या नियमामुळे झालं, म्हणून तो नीट सांगतो. गाणं संपायच्या आधी कुणी पैसे टाकले की आत्या पाठ फिरवायची. टाकणारा कोणीही असो. पैसे उचलून घेतले, गाणं संपू दिलं आणि मग टाकले, तर ती कमरेत वाकून नमस्कार करायची.

आपली पहिली ओळख याच कारणानं झाली. सहा वर्षांपूर्वीचा बुधवार, माझा सुट्टीचा वार. भाजीची पिशवी घेऊन जाताना मी न थांबता नोट टाकली. चार पावलं गेलो तर मागे हशा. वळून पाहिलं तर बाहुलीची पाठ माझ्याकडे.

“काय झालं हिला?”

“आत्या म्हणते, कुठं आग लागलीय का?”

“अहो, पैसेच दिले ना?”

“दिलं नाय, टाकलं. गाणं ऐकून देतात ती बिदागी. न ऐकता देतात ती भीक. भीक घ्यायला आपण बसलो नाय हितं.”

मी थांबलो, गाणं ऐकलं आणि पुन्हा दिले. पुढे सहा वर्षं बुधवारी येत राहिलो. भीक आणि बिदागी यांतला फरक मला तुम्ही शिकवलात. शब्द जपून वापरण्याचा पगार मी घेत होतो.

आता त्या कारवाईविषयी. शहरात पाहुणे येणार होते आणि रस्ते नीटनेटके दिसायला हवे होते. कोणतं पथक, कोणाच्या हुकमानं, हे इथे महत्त्वाचं नाही. पाहुण्यांमुळे त्या बुधवारी माझी सुट्टी रद्द झाली होती, म्हणून मी तिथे नव्हतो. हिराबाईंनी सांगितलं तेच लिहितो.

साध्या शर्टातला एक माणूस आला. तुम्ही वाजवत होता. त्यानं मधेच नोट टाकली. भीक घेता का, हे त्याला पाहायचं होतं. आत्यानं पाठ फिरवली. लोक हसले. त्यानं नोट उचलून परत टाकली. आत्या त्याच्याकडे वळून परत उलटी फिरली. हिराबाई म्हणाल्या, “साहेब, दम धरा की जरा. आत्याला घाई चालत न्हाई.” सगळी रांग हसली. ज्या माणसाला तुम्ही भीक घेता हे सिद्ध करायचं होतं, त्याच्या डोळ्यांदेखत तुम्ही दोनदा भीक नाकारली होती. याहून स्वच्छ पुरावा कोणत्याही कोर्टात कुणी दिला नसेल. त्यानं आत्याला चोळीला धरून उचललं.

“नाव काय?”

“आत्या.”

“तुझं विचारतोय!”

तुम्हाला गाडीत बसवलं. बरोबर आणखी काही माणसं होती. महामार्गावर लांब नेऊन सगळ्यांना उतरवलं. आत्याला पोटाशी धरून तुम्ही भर उन्हात चालत परत आलात.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंकात कारवाईचा फोटो आला. गाडीच्या मागच्या दारात तुम्ही पाठमोरे. खांद्यावरून आत्याचं तोंड कॅमेऱ्याकडे, नथीसकट, स्पष्ट. खाली ओळ होती: ‘शहरातील भिकाऱ्यांवर कारवाई करताना पथक.’

ती ओळ मी लिहिली होती.

हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. फोटो टेबलावर आला तेव्हा मी आत्याला पाहताक्षणी ओळखलं. शेजारी प्रसिद्धिपत्रक होतं, त्यात ‘भिकारी’ हा शब्द होता. मी तो उचलला. शब्द पत्रकाचा, माझा नव्हे, असं आम्हाला शिकवलेलं असतं. तीस वर्षं मी नव्या मुलांना हेच शिकवलं. आपण फक्त सांगतो, ठरवत नाही. मास्तर, ते खोटं आहे. त्या संध्याकाळी ठरवणारा मीच होतो आणि ठरवायला मला पाच सेकंद लागले.

त्या आठवड्यात तुम्ही आमच्या कचेरीत आलात. तीन जिने चढून, लाल कोट घालून, डावा हात मागे. हातात फोटोचं कात्रण. आमचे वृत्तसंपादक वाईट माणूस नाहीत, हे मी रागातही नोंदवून ठेवतो. त्यांनी तुम्हाला खुर्ची दिली, पाणी दिलं.

“बोला, काय काम आहे?”

“ह्यात भिकारी छापलंय. मी वादक हाय. एक ओळ छापा, की हा माणूस भिकारी न्हवता.”

“तुमचं नाव आलंय का त्यात?”

“नाय.”

“मग? चेहरासुद्धा दिसत नाही तुमचा.”

“आत्याचा दिसतो.”

“कोण आत्या?”

तुम्ही बोटानं दाखवलंत. वृत्तसंपादकांनी कात्रण डोळ्यांजवळ नेलं आणि हसले. “अहो, बाहुलीची बदनामी होत नसते. आमचा नियम आहे, नाव छापलं असेल तरच खुलासा. ज्याचं नाव नाही त्याचा खुलासा कसा करणार?”

सगळा डेस्क हसला. मीही हसलो. तुम्ही खोलीभर नजर फिरवलीत आणि ती माझ्यावर थांबली. तुम्ही मला ओळख दाखवली नाही. माझ्या नोकरीचा तेवढा मान तुम्ही राखलात. मी तुमचा राखला नाही.

ती एक ओळ तुम्हाला कशासाठी हवी होती, हे पुढच्या बुधवारी कळलं. तुमची मुलगी सुनंदा पिंपळगाव बसवंतला दिलेली. तिच्या लग्नात तुम्ही स्वतः वाजवलं होतं आणि आत्या मांडवात नाचली होती. सासरचं लहानथोर आत्याला ओळखत होतं. मास्तर नाशिकला बँडमध्ये आहेत, असं तिथे सांगितलेलं. आमचा अंक त्या घरी रोज जातो. फोटो पाहून सुनंदाच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, “व्याही भीक मागतात, हे लग्नाआधी सांगायला काय झालं होतं?” त्या दिवसापासून तुम्ही तिकडे पाऊल टाकलं नाही आणि सुनंदानं सासरी तुमचं नाव काढणं बंद केलं.

“एक ओळ आली असती,” तुम्ही म्हणालात, “तर कापून तिला दिली असती. तिनं देवाच्या फोटूमागं ठेवली असती. कुणी काय बोललं की काढून दाखवायची. बास.”

मी तुम्हाला ओळ दिली नाही. लेख देऊ केला. रविवारच्या पुरवणीत अर्धं पान, फोटोसकट. उपेक्षित कलावंत, वगैरे. तुम्ही जिभली चाटून ओली करत ऐकून घेतलंत.

“उपेक्षित म्हंजी?”

“ज्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही असा.”

“हिराबाई देती. ती मोबाईलवाली पोरगी बसली व्हती. तुमी येता. मग उपेक्षित कसा?”

“अहो मास्तर, लोकांना वाचून वाईट वाटेल, चार माणसं मदत करतील...”

“म्हंजी गाणं न ऐकता देतील.” तुम्ही क्लॅरिनेट तोंडाला लावलंत. “लेख नको. ओळ द्या.”

मला तेव्हा तुमचा राग आला होता. आजही येतो, पण वेगळा. लेख आला असता तर त्यात तुमचं नाव आलं असतं. नाव एकदा छापलं की तुमच्या मागे नियम उभा राहिला असता. हे मी तुम्हाला समजावायला हवं होतं. तुम्हीही एवढं ताठ राहायला नको होतं. पण तुमचं नाव तरी मला कुठे माहीत होतं? सहा वर्षं ‘मास्तर’ म्हणत होतो. नव्या बातमीदाराला पहिल्या दिवशी सांगतो, पूर्ण नाव, वय, गाव घेतल्याशिवाय परत यायचं नाही. तुमच्याजवळून मी दर बुधवारी रिकाम्या हातानं परत गेलो.

आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. मी तुम्हाला कायद्यातली व्याख्या दाखवली होती. गाणं, नाच, कसलाही खेळ करून रस्त्यावर पैसे घेणं हेही त्यात भीक मागण्यात धरलं आहे. तुम्ही विचारलंत, मोठे गवई मोठ्या सभागृहात गातात त्याचं काय? मी म्हणालो, तिथे तिकीट असतं, लोक आधी पैसे देऊन आत जातात. तुम्ही क्लॅरिनेट मांडीवर ठेवलंत.

“म्हंजी आधी घेतलं तर कला आणि मागनं घेतलं तर भीक? उलटं हाय तुमचं, बातमीदार. आवडलं का नाय हे कळायच्या आत जो घेतो त्याला काय म्हणायचं?”

मी म्हणालो, बघून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

आता रविवार. संध्याकाळी सातच्या सुमाराला पोलिसांची रोजची यादी आली. त्यात बसस्थानकातल्या अनोळखी पुरुषाचा मजकूर. पान तीनवर एक कोपरा भरायचा होता आणि मजकूर चार ओळींनी जास्त होता. बातमी खालून कापायची असते. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, म्हणून जागा नसेल तर खालचं न वाचता उडवता येतं. हा आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे. मी खालच्या चार ओळी न वाचता उडवल्या. मग मथळा. ‘बसस्थानकात अनोळखी पुरुषाचा मृत्यू’ एका कॉलमात बसत नव्हतं. वय साठीच्या पुढे, पायात स्लीपर, सोबत कोणी नाही. मी ‘भिकारी’ लिहिलं. पोलिसांच्या मजकुरात तो शब्द नव्हता. या वेळी पत्रकाचा आडोसाही नव्हता. शब्द पूर्णपणे माझा.

पहिला बुधवार मी बाजारात गेलो नाही, काम निघालं. दुसऱ्या बुधवारी तुमची जागा रिकामी दिसली. पुन्हा पथक आलं असेल असं वाटलं आणि मी भाजी घेऊन घरी गेलो. तिसऱ्या बुधवारी हिराबाईंनी मला हाक मारली.

“ओ पेपरवाले! आमचं मास्तर कुठं हाय?”

“मला कसं माहीत?”

“मग कुणाला माहीत? सगळ्या गावाच्या बातम्या तुमाला. बारशाला जातो म्हनून गेलं पिंपळगावला. लेकीनं सोता फोन केला व्हता, या म्हनून. आत्याची पेटी माझ्याकडं ठिवली, लाल कोट घातला, कलारनेट घेतलं. लय खुशीत व्हतं. तीन बाजार झालं, माणूस न्हाई.”

“कधी गेले?”

“रविवारी. दुपारच्या गाडीनं.”

मेथीची जुडी माझ्या हातात होती. ती ठेवली की तशीच नेली, आठवत नाही.

चौकीत एक तरुण हवालदार होता. त्यानं वही काढली आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: अंगात सोनेरी काठाचा जुना लाल कोट, डावी बाही कोपरापासून कापलेली, उजव्या पायाच्या अंगठ्याला दोरा बांधल्याची जुनी खोल खूण, ओठांवर वाद्य वाजवणाऱ्यासारखा घट्टा. त्यानं ओठ पाहिले होते, मास्तर. अंगठा पाहिला होता. तुम्हाला एकदाच, तेही गेल्यावर पाहिलेल्या माणसानं तुम्ही वादक आहात हे ओळखलं होतं आणि त्या चार ओळींत लिहून आमच्याकडे पाठवलं होतं. क्लॅरिनेट मात्र कुणाला सापडलं नाही. गर्दीत कोणीतरी पिशवी उचलली असावी.

“आठवडाभर वाट पाहिली, साहेब. मग आम्हीच सगळं केलं,” तो म्हणाला. “वर्णन प्रेसला दिलं होतं. तुमच्याकडं आलं नव्हतं का?”

“आलं होतं,” मी म्हणालो.

सुनंदाला कळवलं. ती दुसऱ्याच दिवशी हिराबाईंच्या घरी आली, तान्ह्या मुलीला घेऊन. मी तिथे गेलो होतो. न जाण्याची कारणं पुष्कळ सुचली, पण गेलो. ती रडत नव्हती. बाळाला मांडीवर थोपटत सपाट आवाजात बोलत होती.

“सासूबाईंशी भांडून बोलावलं होतं मी त्यांना. म्हणलं, माझ्या पोरीच्या बारशाला माझा बाप वाजवणार. सगळे जमले. पाळणा सजवला. पाच वाजले, सहा वाजले. सासूबाई म्हणाल्या, बघ, तोंड दाखवायची लाज वाटली असंल. मी रुसले, काका. तीन आठवडे रुसून बसले. ठरवलं, आता तेच फोन करतील तेव्हाच बोलायचं.”

तिनं बाळाला खांद्यावर घेतलं.

“तुमचाच पेपर येतो आमच्याकडं. वाचली होती मी ती बातमी. पिंपळगावच्या फलाटावर म्हणून जरा थांबले पण. मग वर बघितलं, भिकाऱ्याचा मृत्यू. म्हणलं, कोणीतरी असंल बिचारा.” तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. “आमचे दादा भिकारी नव्हते ना. म्हणून पुढं गेले मी.”

कोटाची ओळ असती तर ती थांबली असती. अंगठ्याची ओळ असती तर ती धावत आली असती. तुम्ही आठवडाभर शवागारात होता. तुमची वाट पाहत बसलेली माणसं एका बसच्या अंतरावर होती. मधे फक्त मी होतो.

परवा मी वृत्तसंपादकांकडे गेलो. म्हणालो, खुलासा छापायचाय, चार ओळी. त्यांनी सगळं ऐकलं. खरंच हळहळले. मग म्हणाले, “पण नाव छापलं नव्हतं ना आपण. प्रथा पडते रे. तू असं कर, रविवारी स्मृतिलेख लिही. हवी तेवढी जागा घे.” म्हणजे मास्तर, तुमच्यावर रडायला अर्धं पान आहे. चुकलो म्हणायला चार ओळी नाहीत. तुम्ही लेख नको, ओळ द्या म्हणाला होतात. ते तेव्हा मला हट्टीपणाचं वाटलं होतं. तुम्हाला आमचं वर्तमानपत्र माझ्यापेक्षा चांगलं वाचता येत होतं.

म्हणून त्या चार ओळी मी इथेच घालतो. शेवटी ठेवत नाही, कारण शेवट कापला जातो.

खुलासा: बसस्थानकात मरण पावलेली आणि त्यापूर्वी कारवाईच्या छायाचित्रात दिसलेली व्यक्ती म्हणजे काशिनाथ दगडू गांगुर्डे, वय ६३, मूळ राहणार नांदगाव तालुका, व्यवसाय क्लॅरिनेटवादक. दोन्ही वेळा आम्ही त्यांना भिकारी म्हटले. ते भिकारी नव्हते. मुलीच्या घरी नातीच्या बारशाला वाजवण्यासाठी ते निघाले होते.

सुनंदाताई, हे कापून ठेवा.

याच्या खालचं जागेअभावी उडवायला माझी हरकत नाही. ते फक्त मास्तरांसाठी आहे.

तुम्ही गेलात त्याच्या आधीचा बुधवार. मी घाईत होतो, फोन कानाला. तुम्ही एक जुनं लग्नातलं गाणं धरलं होतं, नव्यानं बसवत होता, बारशासाठी असणार. मला खुणेनं बोलावलंत. काहीतरी सांगायचं होतं. मी फोनवर बोलतच नोट टाकली. सहा वर्षांनंतर, सगळं माहीत असताना. आत्यानं पाठ फिरवली. तुम्ही क्लॅरिनेट खाली घेऊन म्हणालात, “थांबा की, कडवं संपू द्या.” मी हात केला, पुढच्या बुधवारी, आणि निघालो.

सुनंदा आत्याची पेटी घेऊन जायला निघाली तेव्हा हिराबाईंनी मला थांबवलं. कनवटीला हात घालून त्यांनी एक नोट काढली. चार घड्या घातलेली.

“ही तुमची.”

“माझी कसली?”

“मास्तरनं त्या दिवशीच माझ्याकडं दिली व्हती. म्हनलं, मी लेकीकडंच ऱ्हायलो तर पुढच्या बाजाराला आले की त्यांची त्यांना द्या. त्यांनी गाणं ऐकलं नाय.”